गोसेखुर्दच्या पाण्याखाली रोबोट सोडला तर काही दिसेल काय?

वैनगंगेचा_पोट्टा

राम राम मंडळी. इतके दिवस नुसता वाचत होतो, आज पहिलाच धागा, सांभाळून घ्या.

मी पवनी तालुक्यातला, नागपूरला इलेक्ट्रॉनिक्स शिकून राहिलो. परवा होस्टेलवर काळ्या समुद्रातल्या जहाजाचा व्हिडिओ पाहिला. बल्गेरियाच्या किनाऱ्यापासून आत, दोन किलोमीटरच्यावर खोल, २४०० वर्षं जुनं ग्रीक जहाज आणि त्याची डोलकाठी, सुकाणू, वल्हवणाऱ्यांचे बाक सगळं जागच्या जागी. माणूस तिथं उतरूच शकत नाही, रोबोट गेला आणि हजारो फोटो काढून आला. २०१८ मध्ये जाहीर केलं त्यांनी.

तर डोक्यात किडा असा वळवळला का आपल्याकडं वैनगंगेवरच्या गोसेखुर्द धरणाच्या बॅकवॉटरखाली तर गावंच्या गावं आहेत. आमच्या आजीचं माहेर कुही तालुक्याच्या अंगाला होतं, ते त्यातच गेलं. मारुतीच्या देवळामागं मोठमोठ्या जुन्या विटांचं काहीतरी होतं म्हणते ती, लोकं त्या विटा चुलीले न्यायचे. आता आपला भाग काही साधा नाही, पवनीला १९६९-७० मध्ये जगन्नाथ टेकडीवर खोदलं तर बौद्ध स्तूप निघाला, कुही तालुक्यातच अडमला पुरातत्व खात्यानं खोदलं तर अख्खं जुनं शहर निघालं. मंग मधल्या बुडालेल्या गावांत काहीच नसेल असं कसं?

आम्ही दोघंतिघं मित्र मिळून पीव्हीसी पाइप, बोटीतलं पाणी उपसायचे छोटे पंप आणि एक वॉटरप्रूफ कॅमेरा जोडून स्वस्तातला रोबोट बनवू शकतो, तेवढं येतं आम्हाला. तो सोडला तर काही दिसेल काय? कोणी असं काम केलं असेल तर सांगा. हसू नका फक्त.

तर्री_पोहे

पहिला नंबर! हसत नाही बे, उलट भारी आहे. पोहे घेऊन बसलो, येऊ द्या.

जुना_सर्वेअर

दिसेल ना. हिरवं दिसेल. वरून टॉर्च लावला तर हिरव्याच्या जागी पिवळट दिसेल.

पोट्ट्या नाउमेद करत नाही तुला, पण आधी पाण्याचं गणित समजून घे. मी नोकरीत असताना धरणांचा गाळ मोजायच्या कामावर होतो, बोटीवर यंत्र लावून तळाची खोली घ्यायची आणि जुन्या नकाशाशी ताडून किती गाळ साचला ते काढायचं. आपल्या धरणांत पावसाळ्यानंतर हात पाण्यात कोपरापर्यंत घातला तर बोटं दिसत नाहीत. काळ्या समुद्राची गोष्ट वेगळी, तिथं खाली प्राणवायूच नाही म्हणून लाकूड खाणारा किडाही नाही आणि पाणी स्थिर, त्यामुळं जहाज टिकलं आणि कॅमेऱ्यात आलं. आपल्याकडं माती, शेवाळ, नाग नदीतून येणारी नागपूरची घाण आणि वरून जलपर्णी. कॅमेऱ्याचं डोळ्यासारखंच आहे, उजेड नाही तर तो आंधळा.

म्हणून या धंद्यात पाहत नाहीत, ऐकतात. हवेत आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो, पाण्यात १५०० च्या आसपास, आणि गढूळपणाचं त्याला फारसं सोयरसुतक नसतं. साइड स्कॅन सोनार नावाची वस्तू असते, बोटीच्या मागं दोरानं ओढतात किंवा रोबोटच्या पोटाला बसवतात, ती दोन्ही बाजूंना आवाजाचा पातळ पडदा फेकते आणि परत येणाऱ्या आवाजातून तळाचं चित्र ओळ-ओळ करून तयार होतं. दगड, विटा, लोखंड यांचा आवाज जोरात परत येतो, चिखलाचा मंद. पण खरी गंमत सावलीत आहे. भिंत उभी असेल तर तिच्या मागं आवाज पोचतच नाही, तिथं चित्रात काळी सावली पडते. संध्याकाळच्या उन्हात बांधावरच्या बाभळीची सावली पाहून झाड केवढं ते आपण सांगतो ना, तसंच त्या सावलीच्या लांबीवरून भिंतीची उंची काढता येते. मी चित्र पाहताना वस्तूकडं नंतर बघतो, आधी सावली बघतो.

फ्रिक्वेन्सीचं वाटून घ्यावं लागतं. १०० किलोहर्ट्झच्या आसपास लांबचं दिसतं पण धूसर, ४०० ते ९०० ला बारीक दिसतं पण जवळचंच. आणि वस्तू गाळाखाली दबली असेल तर यातलं काहीच चालत नाही, त्याला सब-बॉटम प्रोफाइलर लागतो, म्हणजे खालच्या सुरातला आवाज जो गाळाच्या आत शिरून खालच्या थरावरून परत येतो. पण त्यालाही आपल्याकडं एक अडचण आहे. तलावाच्या गाळात पालापाचोळा सडून गॅस धरतो आणि ते बुडबुडे आवाजाला वरच्या वरच अडवतात. कागदावर नुसता काळा पट्टा येतो, खाली काय आहे ते देवाला माहीत. आमच्या साहेबांना वाटायचं यंत्र बिघडलं.

वैनगंगेचा_पोट्टा

काका लय भारी समजावून सांगितलं. म्हणजे कॅमेरा कॅन्सल. मासे शोधायचं यंत्र मिळते ना ऑनलाइन, फिशफाइंडर, त्याच्यातल्या काही मॉडेलमध्ये साइड इमेजिंग म्हणून असतं, ते चालेल काय? खऱ्या साइड स्कॅन सोनारची किंमत पाहिली, मोटारसायकल नाही चारचाकी येते त्यात.

समुद्रवेडी

चालेल, आणि लाजायचं कारण नाही, उथळ पाण्यात जगभर संशोधक तसलं यंत्र वापरतात. हमिनबर्ड कंपनीच्या फिशफाइंडरचं रेकॉर्डिंग उघडून त्याचा नकाशा करून देणारं पिंगमॅपर नावाचं सॉफ्टवेअर फुकट आहे, पुढचं काम क्यूजीआयएस या नकाशांच्या सॉफ्टवेअरमध्ये, तेही फुकट.

मी मूळची तुमसरची, आता कोकण-गोव्याच्या बाजूला समुद्री पुरातत्वाशी संबंधित काम करते, म्हणून थोडं लिहिते. (लांबण लागेल, आधीच सांगते.)

रोबोट म्हटलं की लोकांना एकच वस्तू वाटते. एक दोरीवाला असतो, आरओव्ही, वर बोटीत बसून माणूस चालवतो, वीज आणि चित्र केबलमधून जातं-येतं. दुसरा सुटा, एयूव्ही, त्याला आधी रस्ता सांगून सोडून द्यायचं, तो आपला रेघा मारत फिरतो आणि बॅटरी संपायच्या आत वर येतो. सुट्याची मोठी डोकेदुखी म्हणजे पाण्यात जीपीएस चालत नाही, रेडिओलहरी वरच्या वरच विरतात. मग तो तळावर आवाज मारून स्वतःचा वेग मोजतो, जायरोवरून दिशा धरतो, आणि बोटीवरून कोणीतरी आवाजानंच त्याला तू कुठं आहेस विचारत राहतं. तरी जराजरा चुकतोच, आणि पुरातत्वात जागा चुकली म्हणजे अर्धं काम गेलं.

अंटार्क्टिकाच्या मोहिमेवर गेलेल्या शॅकलटनचं एन्ड्युरन्स जहाज मार्च २०२२ मध्ये तिथल्या वेडेल समुद्रात ३००८ मीटरवर सापडलं ते या दोन्हींच्या मधल्या जातीच्या यंत्रानं, सेबरटूथ त्याचं नाव, सुटंही फिरतं आणि बारीक केबलही ठेवता येते, कारण वर बर्फ, सुटं सोडलं आणि बर्फाखाली अडकलं तर कोण काढणार. टायटॅनिक १९८५ मध्ये सापडलं तेव्हा नुसता ओढायचा कॅमेऱ्याचा सांगाडा होता, आता २०२२ मध्ये रोबोटांनी त्याचेच सात लाखांच्यावर फोटो काढले आणि ते एकमेकांवर चढवून अख्ख्या जहाजाचं त्रिमिती मॉडेल बनवलं. आणि तू इलेक्ट्रॉनिक्सचा आहेस म्हणून सांगते, स्टॅनफर्डचा ओशनवन नावाचा माणसासारखा दोन हातांचा रोबोट २०१६ मध्ये फ्रान्सच्या तुलाँजवळ ला ल्यून या १६६४ ला बुडालेल्या जहाजावर उतरला, त्याच्या बोटांना जे लागतं ते वर बोटीतल्या माणसाच्या हाताला जाणवतं, त्यामुळं भांडं फुटू न देता उचललं.

पण मला या सगळ्यात जास्त जवळचं उदाहरण वाटतं ते समुद्रातलं नाहीच. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनच्या मेंडोटा तलावात २०२१ मध्ये एका पुरातत्ववालीला पाण्याखाली स्कूटरवर फिरताना कोरीव लाकडाचा डोंगा दिसला, १२०० वर्षं जुना. पुढच्या वर्षी त्याच तलावात ३००० वर्षांचा दुसरा. गोडं पाणी, गाळ, शहराच्या मधोमध तलाव. आपल्या भंडारा-गोंदियात एवढे मामा तलाव, म्हणजे जुने मालगुजारी तलाव, नवेगावबांधासारखे कोहळी लोकांनी बांधलेले, त्यांच्या गाळात काय दडलंय हे कोणी आवाज टाकून बघितलं तर मला आवडेल.

विदर्भवीर_७०

सगळं परदेशी परदेशी! आपल्या द्वारकेचं नाव नाही कोणाच्या तोंडी. साक्षात कृष्णाची नगरी पाण्याखाली आहे आणि रुक्मिणी आपल्या कौंडिण्यपूरची, म्हणजे विदर्भाचं माहेरच झालं की ते. आधी त्याबद्दल बोला.

समुद्रवेडी

बोलू की दादा, माझं तर ते आवडतं ठिकाण. लोथल खोदणारे एस. आर. राव यांनी १९८० च्या दशकात गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतून द्वारका आणि बेट द्वारकेला पाण्याखालचं काम उभं केलं, आपल्या देशात या विषयाची पायाभरणीच ती. घडीव दगड, भिंतींसारखे अवशेष आणि ढीगभर दगडी नांगर सापडले, भोकं पाडलेले, तीन भोकांचे बरेच. बेट द्वारकेला उत्तर हडप्पा काळची भांडीही मिळाली. नंतरच्या त्याच संस्थेच्या अभ्यासकांनी द्वारकेच्या पाण्यातल्या बऱ्याच दगडांना नि नांगरांना ऐतिहासिक काळातलं, काहींना मध्ययुगातलं धरलं. म्हणजे ते मोठं बंदर होतं हे नक्की दिसतं. कृष्णाची नगरी हे श्रद्धेचं उत्तर आहे, नांगरावर नाव कोरलेलं नसतं. फेब्रुवारी २०२५ मध्ये पुरातत्व खात्याच्या पाण्याखालच्या शाखेनं आलोक त्रिपाठींच्या नेतृत्वाखाली पुन्हा तिथं पाणबुडे उतरवले, त्यात महिला होत्या याचा मला वैयक्तिक आनंद जास्त.

शंकासूर

द्वारका ठीक आहे, तिथं निदान माणसं खाली उतरून हात लावून आली. मला भीती वाटते ती खंबातची. पोट्टे लोकं सोनार घेऊन निघाले म्हणून मुद्दाम आठवण करून देतो.

चेन्नईच्या राष्ट्रीय सागरी तंत्रज्ञान संस्थेला खंबातच्या आखातात प्रदूषणाचा सर्वे करताना साइड स्कॅनच्या चित्रात चौकोन, रेघा, रस्त्यासारखं काहीतरी दिसलं. २००१ मध्ये केंद्रीय मंत्री मुरली मनोहर जोशींनी जाहीर केलं, बुडालेलं शहर. मग तळ खरवडून वस्तू वर काढल्या, त्यातल्या एका लाकडाच्या तुकड्याचं वय साडेनऊ हजार वर्षांच्या आसपास आलं आणि झालं, हडप्पाच्या आधीचं शहर म्हणून पेपरं रंगली. आता लाकूड जुनं असेलही, पण ते त्या "भिंती"तलं आहे हे कशावरून? ज्या आखातात भरती-ओहोटीत पाणी दहा मीटरपर्यंत चढते-उतरते तिथं लाकूड कुठूनही वाहत येईल. थराचा पत्ता नाही, जागेचा पत्ता नाही, खरवडून काढलेली वस्तू म्हणजे अनाथ. आणि बोट हलली, ओढायचं यंत्र डोललं तरी सोनारच्या चित्रात सरळ रेघा येतात. निसर्गातही खडक चौकोनी फुटतो. आपल्याला तर भिंतच पाहायची असते, मग भिंतच दिसते.

तात्पर्य वगैरे नाही, फक्त हे का चौकोन दिसला की व्हिडिओ टाकू नका. "गोसेखुर्दखाली सापडलं प्राचीन शहर" हे थंबनेल मला आत्ताच दिसून राहिलं.

तर्री_पोहे

थंबनेलमध्ये लाल बाण पण टाका. आणि एक माणूस तोंडावर हात ठेवलेला.

विदर्भवीर_७०

शंकासूरजी, तुम्हाला आपलं काहीच जुनं नको असतं. असो.

डोंगेवाला

नमस्कार. मी ढिवर समाजाचा, गोसेच्या पाण्यात जाळं टाकतो. पोरगी टाइप करून देऊन राहिली, मी सांगतो तसं.

दोन दिवसापासून ऐकून राहिलो तुमचं. मशीन आणा, आवाज टाका. पण पाण्याखाली कोठं काय हाय हे आमच्या जाळ्याले आधीपासून माहीत हाय ना बापा. दरवर्षी तेच जागे, तिथंच जाळं अडकते. आमी तिथून वळसा घालून जातो. नवीन पोट्ट्याले बाप पहिले थेच शिकवते, इथं टाकू नको, तिथं टाकू नको.

आन् अडकण्या-अडकण्यात फरक असते. झाडाच्या खुटात अडकलं तं जाळं एका जागी धरते आन् फाटते. भितीत अडकलं तं खालचा गोट्याचा दोर भितीच्या वरून घासत जाते, ओढलं तं निघते, पण गोटे तुटतात. बांबू टोचून पाहाचा, खट्ट वाजला का दगड, ठस्स झाला का गाळ, आन् मधातला एक आवाज असते थो जुन्या विटीचा, नरम लागते पण आत जात नाही. जे पोट्ट्यानं आजीच्या गावचं लिहिलं, तिकडं असा एक जागा हाय. लांबच लांब, एका रेघंत. देऊळ हाय का काय हाय मले माहीत नाही. आमी त्याले म्हाताऱ्याचा वाडा म्हणतो.

वैनगंगेचा_पोट्टा

काका!!! एका रेघंत म्हणजे किती लांब असेल अंदाजे?

डोंगेवाला

डोंगा दोन-तीन वेळा वल्हवला का संपते. मोजलं नाही कधी, मोजाचं काय काम.

समुद्रवेडी

आता हा धागा खरा सुरू झाला.

तुर्कस्तानच्या उलुबुरूनचं जहाज ऐकलंय का? कांस्ययुगातलं, जवळजवळ ३३०० वर्षं जुनं, दहा टन तांबं भरलेलं. ते कोणत्या सोनारनं नाही शोधलं. १९८२ मध्ये एका स्पंज काढणाऱ्या पाणबुड्यानं येऊन सांगितलं की खाली कान असलेली धातूची बिस्किटं पडली आहेत. पुरातत्ववाल्यांनी तांब्याच्या लाद्यांची चित्रं किनाऱ्यावरच्या स्पंजवाल्यांना आधीच दाखवून ठेवली होती म्हणून ते लगेच कळलं. पुढं १९८४ ते १९९४ अशी अकरा हंगाम खोदाई, २२,४१३ वेळा माणसं खाली उतरली. अँटिकिथेराचं जहाजही १९०० मध्ये स्पंजवाल्यांनाच दिसलं होतं, ज्यातून ते दातेरी चाकांचं यंत्र निघालं. यंत्रं नंतर आली, ती जागा शोधायला कमी आणि मोजायला जास्त.

काका, तुमच्या जाळं अडकण्याच्या जागा कोणी कधी कागदावर उतरवल्या आहेत का?

डोंगेवाला

कागद पाण्यात भिजते ताई.

जुना_सर्वेअर

डोंगेवाले भाऊ, मानलं. आमच्या कामात यंत्रानं दाखवलेली जागा खरी का खोटी हे बघायला शेवटी कोणीतरी काठी टोचतंच, फक्त आमच्या काठीला इंग्रजी नाव असतं आणि बिल मोठं असतं.

पोट्ट्या, तुझा क्रम उलटा कर. रोबोट सगळ्यात शेवटी. आधी यांच्यासोबत डोंग्यात बस, जिथं जाळं अडकते तिथं मोबाइलवर जीपीएसचा टिंब मार, आणि सोबत लिही कसं अडकते, बांबू कसा वाजते. मग त्या टिंबांभोवती फिशफाइंडर घेऊन समांतर रेघा मार, प्रत्येक रेघ शेजारच्या रेघेवर अर्धी चढली पाहिजे, आणि एकच जागा दोन दिशांनी घे. बोट डोलल्यानं आलेली खोटी रेघ दिशा बदलली की गायब होते, भिंत गायब होत नाही. शंकासूरच्या शंकेवर औषध हेच.

पंखा जलपर्णीत अडकतो हे लक्षात ठेव. मी एका तलावात निम्मा वेळ पंख्यातून मुळ्या काढण्यात घालवला आहे. आणि लाइफ जॅकेटशिवाय डोंग्यात बसायचं नाही, बुडालेल्या गावात विहिरी असतात, तारा असतात, पोहता येतं म्हणून काही होत नाही.

कागदपत्रवाला

मध्येच तोंड घालतो. बुडालेलं गाव हजार वर्षं जुनं नाही ना, चाळीस वर्षांपूर्वी तिथं सातबारे होते. भूमी अभिलेखात गावनकाशा मिळतो, गावठाणाची हद्द, पांदण, नाले, सगळं. जुन्या सर्वे ऑफ इंडियाच्या टोपोशीटवर देवळाची खूणही असते. शिवाय अमेरिकेनं १९६० ते १९७२ च्या दरम्यान कोरोना नावाच्या हेरगिरीच्या उपग्रहांनी काढलेले फोटो १९९५ मध्ये खुले केले, आपल्याकडचे पण त्यात आहेत, आणि गोसेखुर्दची पायाभरणी १९८८ ची, म्हणजे पाणी यायच्या कितीतरी आधीचं चित्र. पुरातत्ववाले जगभर वापरतात ते. हे तिन्ही एकावर एक क्यूजीआयएसमध्ये चढवा आणि त्यावर भाऊंचे टिंब टाका. म्हाताऱ्याचा वाडा गावठाणात पडतो का शेतात हे घरी बसून समजेल. गावठाणात पडला तर बहुतेक कोणाची तरी माडी. शेतात, नदीच्या उंच काठावर पडला तर मात्र मजा आहे.

वर्धेकाठची

मी मोर्शीकडची. आमच्याकडं पण अप्पर वर्धा धरण आहे म्हणून विचारते, मॅग्नेटोमीटर नावाचं यंत्र जमिनीतलं लोखंड सांगते ना, ते पाण्यावरून नेता येत नाही का?

जुना_सर्वेअर

येतं की. समुद्रात बुडालेल्या तोफा, लोखंडी नांगर शोधायला तेच ओढतात. पण ताई तुमच्या पश्चिम विदर्भात खाली काळा पत्थर आहे, बेसॉल्ट, त्यातच चुंबकत्व भरलेलं, यंत्र गोंधळून जातं. लोणारला तर विचारूच नका. भंडाऱ्याकडं खडक वेगळा आहे, पण तिकडं मँगनीजच्या पट्ट्यात लोखंडही येतं जागोजागी. भाजलेल्या विटेत थोडं चुंबकत्व असतं, भट्टीतून निघून थंड होताना धरते ती, पण पाण्याच्या एवढ्या वरून ते पकडणं आपल्या बजेटमधलं काम नाही.

वाडीवरची_सून

वाचत होते गप्प. मला एक समजत नाही. आमचं गाव पाण्यात गेलं, नवीन गावठाणात आलो, सासूबाई अजून तिकडं तोंड करून हात जोडतात. त्यात आता मशीन टाकून काय पाहायचं आहे तुम्हा लोकांना? मूर्ती तर आम्ही सोबत आणल्या. राहिल्या त्या भिंती.

समुद्रवेडी

वहिनी तुमचं बरोबर आहे, आणि याला गोड उत्तर नाही माझ्याकडं. नागार्जुनसागर धरण झालं तेव्हा नागार्जुनकोंडा बुडणार म्हणून १९५४ ते १९६० सहा वर्षं आधी खोदलं, जमेल ते डोंगरावर नेऊन बसवलं, आता ते बेट आहे आणि वर संग्रहालय. असं पाण्याच्या आधी झालं तर रोबोटची गरजच नसते. पाण्यानंतर जे करतो ते सगळं उशिराचं काम. पण तुमच्या सासूबाईंना कोणतं घर कुठं होतं हे तोंडपाठ असेल, त्यांना बसवून गावाचा नकाशा काढून घेणं हे सोनारपेक्षा जास्त घाईचं आहे. सोनार पुढच्या वर्षी पण मिळेल.

वाडीवरची_सून

हे पटलं. त्यांना तर बसवलं की थांबतच नाहीत.

शंकासूर

एक तांत्रिक शंका. एवढ्या वर्षात भिंती राहिल्या तरी असतील का? मातीची घरं तर पाणी शिरल्या शिरल्या बसली असतील.

जुना_सर्वेअर

मातीच्या भिंती बसल्या असणार, हो. पण दगडाचं जोतं आणि पक्की वीट राहते. चीनमधलं शी चंग नावाचं जुनं शहर १९५९ मध्ये धरणात गेलं, २००१ च्या सुमारास पाणबुडे उतरले तर वेशीचे दगड आणि त्यावरचं कोरीव काम शाबूत. कायम खोल पाण्यात राहिलं ते टिकतं, वर गाळ बसला तर अजूनच चांगलं. मरतं ते काठावरचं. जिथं दरवर्षी पाणी चढते आणि उतरते, लाटा आपटतात, ऊन लागतं, माती भेगाळते, पुन्हा भिजते, तिथं दहा-वीस वर्षांत जोतंसुद्धा उखडतं. आपलं सगळं लक्ष खोल पाण्याकडं जातं आणि उन्हाळ्यात उघडा पडणारा पट्टा कोणी बघत नाही. त्याला रोबोट लागत नाही, चप्पल लागते. इराकमध्ये २०२२ मध्ये मोसुल धरणाचं पाणी दुष्काळानं उतरलं तर ३४०० वर्षांपूर्वीचं मितानी काळातलं शहर उघडं पडलं, जर्मन आणि कुर्दी लोकांनी धावतपळत खोदून घेतलं, मातीच्या भांड्यांत ठेवलेल्या, अक्षरं कोरलेल्या पाट्या मिळाल्या. आणि जाताना भिंती प्लास्टिकनं झाकून वर खडी टाकली, पुन्हा पाणी येणार म्हणून. पुणे जिल्ह्यात उजनीच्या पाण्यातलं पळसदेवचं देऊळ पण असंच, पाणी उतरलं की दिसतं.

कायद्याचा_किडा

सगळे उत्साहात आहेत म्हणून माझं नेहमीचं रटाळ काम करतो.

१) धरणाच्या पाण्यात बोट, ड्रोन, यंत्र काहीही टाकायच्या आधी जलसंपदा विभागाची लेखी परवानगी. भिंतीच्या जवळ तर जायचंच नाही, पोट्टे लोकं व्हिडिओ काढायला तिकडंच जातात. मामा तलाव असेल तर जिल्हा परिषद आणि तिथली मच्छीमार सोसायटी दोघांनाही विचारा, ठेका त्यांचा असतो.

आता पुढचं महत्त्वाचं. काहीही उचलायचं नाही. १९७२ च्या कायद्यानं शंभर वर्षांवरची मूर्ती, नाणं, शिल्प ही पुरावस्तू. १८७८ चा ट्रेझर ट्रोव्ह कायदा अजून जिवंत आहे, जमिनीत दडलेलं १० रुपयांच्यावर किमतीचं काही सापडलं तर कलेक्टरला कळवायचं, दहा रुपये, हो तेव्हाचेच, बदललेच नाहीत. आणि युनेस्कोच्या २००१ च्या करारातही पहिला पर्याय हाच सांगितला आहे की वस्तू जिथं आहे तिथंच राहू द्या. पाण्यातून काढलेलं लाकूड हवेत वाळलं की तडकून भुगा होतं, स्वीडनचं वासा जहाज १९६१ मध्ये काढलं आणि त्यावर सतरा वर्षं औषध फवारत बसले.

आणि सगळ्यात मोठं. अचूक जागा इथं टाकू नका. गुप्तधनवाले हा धागा वाचत नसतील असं समजू नका, आपल्याकडं लिंबू-कुंकू घेऊन रात्री खड्डे खणणाऱ्यांची कमी नाही.

तर्री_पोहे

किडा भाऊंनी एक नंतर दोन लिहिलाच नाही, पण मुद्दा बरोबर. पाण्याखाली लिंबू कसं ठेवतील पण?

डोंगेवाला

जागा मी इथं सांगणारच नाही. मालूम हाय मले.

वैनगंगेचा_पोट्टा

सगळ्यांचे आभार. मी डोक्यात पाणबुडीचं डिझाइन घेऊन आलो होतो, आता सध्याचा प्लॅन असा. कागदपत्रवाले काकांनी सांगितलं तसा गावनकाशा काढायला अर्ज करतो आणि कोरोनाचे फोटो शोधतो. सुट्टीत आजीला आणि वाडीवरच्या वहिनींच्या सासूबाईंना बसवून घरांची यादी करतो (वहिनी, चालेल ना?). आमच्या एका सरांना जलसंपदा विभागाच्या पत्रासाठी विचारलं, ते म्हणाले कॉलेजच्या लेटरहेडवर देऊ. सेकंडहँड फिशफाइंडर बघून राहिलो. रोबोट बनवूच, पण तो नंतर, समजा भिंतीसारखं काही पक्कं निघालं तर जवळून बघायला, आणि त्यावर कॅमेऱ्याऐवजी छोटा फिरता सोनार लावता येतो का ते पाहतो.

डोंगेवाले काका, तुमच्यासोबत येऊ का? कधी यायचं?

डोंगेवाला

आखाजीच्या नंतर ये. तवा पाणी उतरलं राहते, म्हाताऱ्याचा वाडा वरून कमी पाण्यात येते. पावसाळा लागला का मासोळीच्या अंड्याचा टाइम, मंग आमी जाळं टाकत नाही आन् पाणीही माती होते.

डोंग्यात तिघंच बसतात, मी, माझा पोरगा आन् एक तू. तुझे दोस्त काठावर. थे मशीन किती वजनाचं हाय?

वैनगंगेचा_पोट्टा

मशीन हलकं आहे काका, बॅटरी जड आहे. स्कूटरची असते तेवढी. लिथियमची घेतली तर हलकी होईल पण महाग जाते.

डोंगेवाला

स्कूटरचीच आण. मधात ठेवू, डोंगा स्थिर राहते.

वाडीवरची_सून

चालेल हो, या. सासूबाईंना सांगितलं आहे. त्या म्हणतात मारुतीच्या मागं विटा नव्हत्या, दगडी चौथरा होता, विटा पिंपळाखाली होत्या. तुमच्या आजीला एकदा विचारून घ्या.

वैनगंगेचा_पोट्टा

विचारलं. आजी म्हणते पिंपळ मारुतीच्याच मागं होता.

कागदपत्रवाला

दोघींना एकत्र बसवा आणि मोबाइलवर रेकॉर्डिंग चालू ठेवा. नकाशा मी पाठवतो त्याच्या आत.